कारभारीतात्यांचा आग्रह

खर्ड्यात आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर कारभारीतात्यांना कोण ओळखत नाही? पिठाची गिरणी होती म्हणून नव्हे. गिरण्या गावात आणखीही होत्या, आणि खरं सांगायचं तर तात्यांच्या गिरणीचं पीठ जरा भरडच यायचं. तात्यांचं नाव होतं ते वाढण्यासाठी. लग्न, बारसं, वर्षश्राद्ध, देवळाचा भंडारा, पंगत कसलीही असो, शिपी आमटीची, म्हणजे त्या भागातल्या झणझणीत पंगतीच्या आमटीची, बादली तात्यांच्याच हातात. पैसा घेत नसत. वरून स्वतःची पळी घरून न्यायचे, लांब दांड्याची, कल्हई केलेली. नवरा मुलगा घोड्यावर बसतो ना, त्या ऐटीत तात्या पंगतीत शिरायचे.

त्यांची एक रीत होती. ‘हवं का’ असं ते कधीच विचारायचे नाहीत. विचारलं की माणूस ‘नको’ म्हणणार. म्हणून बघायचं भलतीकडे, बोलायचं तिसऱ्याशी, आणि पळी वाकवायची समोरच्याच्या ताटात. ताटावर कुणी हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून आमटी सोडायची. नवशिक्या वाढप्यांना ते सांगायचे, "नको म्हनतंय ते त्येचं पोट न्हवं, त्येची लाज. लाजंकडं बघायचं नसतंय."

बीडकडच्या एका नव्या जावयाला त्यांनी अशा जिलेब्या घातल्या, की तो बिचारा मांडवामागं जाऊन भडाभडा ओकला. तात्यांना त्याचं वाईट वाटलं असेल म्हणता? छे! पुढची कित्येक वर्षं ती गोष्ट ते मिशीवर हात फिरवत सांगायचे. जावई ओकेपर्यंत जेवला, म्हणजे केवढा पाहुणचार!

घरात मालनबाई आणि एकुलती एक लेक, राजनंदिनी. सगळं गाव ‘तात्या’ म्हणायचं, ती ‘आबा’ म्हणायची. लेक झाली तेव्हापासून तात्यांना रोजची पंगत घरातच मिळाली. बाहेर निदान पाहुणे उठून तरी जायचे. पोरगी कुठं उठून जाणार? "नको आबा," ती म्हणायची. तात्या खिडकीबाहेर बघत बघत तिच्या ताटात अजून एक भाकरी टाकायचे आणि तुपाची वाटी उपडी करायचे.

इकडे ही तऱ्हा, आणि ओट्यावर दुसरीच. शेजारी कडूबाई राहायची. गावात काहीही घडलं की बातमी आधी कडूबाईच्या ओट्यावर टेकायची, पाणी प्यायची आणि मग पुढं जायची. पोरगी दहावी झाली तशी कडूबाईची नजर तिच्या अंगावर फिरायला लागली. "अगं बया, दंड बघ की केवढं झालं! दोन वर्सांत स्थळं यायची. आता जरा आवर, नंदे." बाप ताट भरायचा, कडूबाई दंड मोजायची, आणि मधल्या जागेत पोरगी वाढत होती.

कुठून कसं सुरू झालं ते तिचं तिला ठाऊक. जामखेडला कॉलेजला जायची, ती काही न खाताच. दुपारी घरी यावं तर आईबाप दोघं परसामागच्या गिरणीवर, आणि स्वयंपाकघरात पंगतीतून आलेली बुंदीची बादली, लापशीचं पातेलं. सकाळपासूनची भूक तिथं सुटायची. मग थांबता यायचं नाही. आणि पोट भरलं की कडूबाईचा आवाज कानात. ती न्हाणीघराचं दार लावून घ्यायची.

न्हाणीतून ऐकू येणाऱ्या ओकाऱ्यांचा अर्थ कडूबाईनं लावला तो तुम्ही ओळखलाच असेल. बारावीतली पोर, दुपारची, उलट्या! तिनं एकीच्या कानात सांगितलं, ‘कुनाला सांगू नगं’ अशी शपथ घालून. म्हणजे संध्याकाळपर्यंत वेशीच्या पल्याड गेलं. मालनबाईच्या कानावर आलं तेव्हा तिनं लेकीला एका शब्दानं विचारलं नाही. फक्त तिचे कपडे धुताना बघत राहिली. महिना उलटला, आईची शंका फिटली. पण आई काय बघतेय हे पोरीनं ओळखलं होतं. त्यानंतर ती आईशी जेवढ्यास तेवढं बोलायला लागली.

तात्यांच्या लेखी ते पित्त होतं. "आमच्या आईचीबी हीच परकृती," म्हणून त्यांनी आवळा सुरू केला, कोकम सुरू केलं, आणि पित्ताला रिकामं पोट वाईट म्हणून ताटात आणखी एक भाकरी.

फुटलं ते भलतीकडेच. दाढ ठणकायला लागली म्हणून तिला जामखेडला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीण तरुण होती. तिनं आरसा घालून बघितलं, मग तात्यांना म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर बसता का?" तात्या बसले. बराच वेळ दार उघडलं नाही. उघडलं तेव्हा पोरीचे डोळे लाल आणि डॉक्टरणीच्या हातात नगरच्या एका दवाखान्याची चिठ्ठी. दात आतून झिजले होते. उलटीतल्या आंबटानं.

नगरच्या डॉक्टरीणबाई वयानं मोठ्या, बोलायला सावकाश. त्यांनी तिघांना समोर बसवलं. "हिला बुलिमिया आहे. ही एकदम खूप खाते, थांबता येत नाही म्हणून, आणि मग भीतीनं ते बाहेर काढते. हा नखरा नाही. तुमचा गुन्हाही नाही. पण रक्तातले क्षार उतरलेत. असंच चाललं तर हृदयावर येईल. जीवावरचं आहे हे, समजतंय ना?"

तात्यांनी एवढ्या सगळ्यातून एकच गोष्ट उचलली. "खूप खाती म्हनता? म्हंजी जेवती तरी ना पोरगी?" आणि त्यांनी मोठा श्वास सोडला.

डॉक्टरीणबाई पुढं सांगायला लागल्या. उपचार दोन तऱ्हेचे होते. एकात घरचे सोबत लागणार. आईबापानं दोष न देता, न रागावता, पोरीच्या जेवणाची वेळ सांभाळायची, तिच्याबरोबर जेवायचं, जेवण झालं की थोडा वेळ तिच्याजवळ बसून दुसऱ्या गप्पा मारायच्या, म्हणजे तिचे पाय न्हाणीकडे वळणार नाहीत. दुसऱ्यात पोरगी एकटी समुपदेशकाकडे बसणार. भूक मारली की पुढं काय होतं, मनात काय येतं, ते आल्यावर करायचं काय, हे ती स्वतः शिकणार. आईबाप दाराबाहेर.

"ह्यातला बरा कोंचा?" तात्यांनी बाजारात बैलाची जोडी विचारावी तसं विचारलं.

"या वयाच्या मुलामुलींवर दोन्ही ताडून बघितलेत, काका. एका अभ्यासात घरच्यांचा आधी लागू पडला. दुसऱ्या एकात स्वतः शिकायचा आधी लागू पडला. वर्षानं बघितलं तर दोन्हींत फारसं अंतर उरलं नव्हतं."

"मंग सारखंच की."

"सारखे नाहीत. कोणत्या घराला कोणता झेपेल, ते बघायचं." आणि त्या पोरीकडे वळल्या. "तुला काय वाटतं, राजनंदिनी?"

"मला एकटीनं यायचंय," पोरगी म्हणाली. हळू म्हणाली, पण खोलीत पंख्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. मालनबाईला ऐकू आलं, डॉक्टरीणबाईंना ऐकू आलं.

तात्या खिडकीबाहेर बघत होते. "घरच्यांचाच धरू या बाई. तिला काय कळतंय? ल्हान हाय ती."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरच्यांचा घेतलात तर काका, आग्रह करायचा नाही. ताटाकडे टक लावून बघायचं नाही. शरीराबद्दल एक शब्द नाही. आणि जमत नसेल तर लगेच मला सांगायचं."

"जमत न्हाई म्हंजी? आमचं कामच हाय ते."

परतीच्या एसटीत पोरगी पुढच्या सीटवर कानात वायर घालून बसली होती आणि तात्या मालनबाईला रंगून सांगत होते. "आगं, हा उपचार आपल्यासाठीच काढलाय बघ! वेळंवर वाढायचं, संगं बसायचं, जेवल्यावर गप्पा. आरं, मी जल्मभर दुसरं केलं काय?"

"बाईंनी आग्रह नगं म्हनलंय."

"आग्रह कुटं? माया करायची."

"तिला दुसरा पायजे हुता."

"दुसऱ्यात आपन भाईर बाकड्यावर! पोरगी आपली, आन् आपन दाराभाईर. लोकं काय म्हनतील?"

मालनबाईनं पदर डोक्यावर ओढला. गप्प बसायची तिला सवय होती. नवऱ्याच्या पंगतीत तिचंही कुणी कधी ऐकलं नव्हतं.

नवलाची गोष्ट म्हणजे पहिले काही दिवस उपचार लागू पडला. दुपारी तात्या गिरणीवर थांबायचे आणि मालनबाई घरी. मायलेकी समोरासमोर बसायच्या, दोन भाकरी, डाळ, काकडी. मालनबाई आपल्या ताटात बघायची, लेक आपल्या. जेवण झालं की मालनबाई म्हणायची, "त्या मालिकेत त्या सासूचं काय झालं गं?" आणि लेक सांगायची. न्हाणीघराचं दार दुपारभर उघडं राहायचं. कडूबाई भिंतीपलीकडून कान लावून कंटाळली.

तात्यांना हे कळलं आणि त्यांचा जीव खालीवर झाला. उपचार आपण निवडला आणि गुण बायकोच्या हाताला? शिवाय दोघींच्या जेवणाला काय जेवण म्हणायचं? डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पोरीला एकटीला जेवू देऊ नका. एकटी नको म्हणजे काय? पंगत!

झालं. तात्यांनी भिमाजीला सांगितलं. भिमाजी म्हणजे सगळ्या कार्यातला आमटीवाला आचारी, तात्यांचा जानी दोस्त. तो संध्याकाळी आमटीचं पातेलं घेऊन यायला लागला. थोरले चुलते रंभाजी, वय ऐंशीच्या पुढं, तोंडाला दात नाहीत पण जिभेला धार, तेही काठी टेकत यायला लागले. जेवणानंतरच्या गप्पांसाठी तात्यांनी कुणाला बोलवावं? कडूबाईला! "तिच्याएवढ्या गप्पा कोन मारनार?" तात्या म्हणाले. आणि कडूबाई न्हाणीच्या वाटेवर पाट टाकून बसायला लागली. आमंत्रण देऊन बोलावलेली! तिच्या आयुष्यात एवढा मान तिला कुणी दिला नव्हता.

ओसरीत चटया पडायच्या. मधोमध राजनंदिनी. चौघांच्या नजरा तिच्या ताटात.

"अर्धी ऱ्हायली बघ तिची."

"सावकास चावती, चांगलं हाय."

"आज रंग आलाय तोंडावर."

"गिळलं का? गिळलं."

"नको आबा," पोरगी म्हणायची. तात्या भिमाजीशी बोलत बोलत पळी वाकवायचे.

मालनबाई एकदा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "आवो, बाईंना फोन करा. जमत न्हाई म्हना." तात्यांनी पातेल्यातली आमटी ढवळली. "जमतंय की. सगळं ताट संपवलं आज तिनं."

ताट संपत होतं खरं. पण पंगत आता संध्याकाळची, म्हणून मालनबाई दुपारी पुन्हा गिरणीवर. दुपारची बुंदी पुन्हा सुरू झाली होती, आणि आता दार न्हाणीचं नव्हे, गिरणीमागच्या पडक्या गोठ्याचं होतं. तिथं कडूबाईचा कान पोचत नव्हता.

वेशीपर्यंत मात्र सगळं पोचलं. आजाराचं नाव कुणाला घेता यायचं नाही, पण ‘तात्याची पोरगी खाती आन् टाकती’ एवढं शेंबड्या पोरालाही पाठ.

मग देवळाचा भंडारा आला. आख्खं गाव पंगतीला. तात्यांनी लेकीला मुद्दाम आणून बसवलं. चार माणसांत जेवली म्हणजे तोंडं बंद होतील हा त्यांचा हिशेब. बुंदीची बादली घेऊन ते रांगेतून येत होते. लेकीच्या पलीकडे रंभाजी बसले होते. तात्या समोर आले तसे रंभाजी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "आरं कारभारी, हिला कशाला वाढतूस? भाईरच जायचं हाय ते. कुत्र्याला टाक, पुन्य तरी लागंल."

रांग हसली. पंगतीत म्हातारं माणूस काही बोललं की वाढप्यानं हसायचं असतं. मन राखावं लागतं. तात्यांच्या अंगात ती सवय मुरलेली.

तात्या हसले.

हसले, आणि हसता हसता हातानं आपलं काम केलं. लेकीच्या ताटात मूठभर बुंदी पडली.

राजनंदिनीनं एकदा बापाच्या तोंडाकडे बघितलं. मग ती उठली. पंगत चालू असताना, ताट भरलेलं टाकून, दोन रांगांमधून सरळ चालत निघाली. बाईमाणूस भरल्या पंगतीतून उठतंय हे बघून लोकांचे घास हातात राहिले. आणि तात्यांच्या तोंडून काय निघावं? "नंदे! पंगत मोडू नगं!"

संध्याकाळी ती गोठ्यात पडलेली सापडली. मालनबाईला सापडली. हाताची बोटं वाकडी झालेली, छाती धडधडतेय, शुद्ध अर्धी. भिमाजीच्या टेम्पोतून जामखेड, तिथून रुग्णवाहिकेनं नगर. क्षार तळाला गेले होते. डॉक्टर लोकांनी वाचवली.

नगरच्या डॉक्टरीणबाई खाटेजवळ आल्या तेव्हा मालनबाईनं त्यांना सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत ती एवढं सलग कधी बोलली नसेल. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि तात्यांना म्हणाल्या, "काका, मी घरचे म्हटलं होतं. गाव नव्हतं म्हटलं."

"म्या माया केली, बाई."

"पोरीला विचारलंत?"

पोरीनं तोंड भिंतीकडे केलं होतं. भिंतीलाच सांगितल्यासारखं ती म्हणाली, "आता मी एकटी येणार. नाहीतर येणारच नाही." या खेपेला तात्यांना स्पष्ट ऐकू आलं.

मग दुसरा उपचार सुरू झाला. निकिता मॅडम नावाची समुपदेशक, वयानं राजनंदिनीच्या थोरल्या बहिणीसारखी. दर आठवड्याला एसटीनं नगर. तात्या सोबत जायचे आणि बाहेरच्या बाकड्यावर बसायचे. दार बंद. आतून कधी बोलणं, कधी शांतता. आणि एकदा तर चक्क पोरीचं हसणं ऐकू आलं. घरात ती शेवटची कधी हसली होती हे तात्यांना आठवेना.

"आत काय बोलता गं?" परतीच्या वाटेवर त्यांनी विचारलं.

"ते माझं आहे, आबा."

झटकन बरी झाली असं कुणी समजू नये. मधे घसरायची, चार दिवस वाईट जायचे, पुन्हा सावरायची. सकाळी न चुकता खायला लागली, तेव्हा दुपारची ती भूक ओसरली. पंगतीतलं उरलेलं अन्न घरी आणायचं नाही, हे तिनं आईला सांगितलं आणि आईनं पाळलं. कडूबाई एकदा ओट्यावरून म्हणाली, "वाळलीस की गं," तेव्हा पोरगी थांबली. "मावशी, माझ्या अंगाबद्दल बोलायचं नाही." कडूबाईनं ती बातमी आठवडाभर पुरवली.

एका संध्याकाळी तात्या बायकोला म्हणाले, "दुसराच बरा हुता. पयलाच चुकीचा घेतला आपन."

मालनबाई ज्वारी पाखडत होती. सूप थांबवलं नाही तिनं. "पयला वाईट न्हवता. दुपारचं चाललं हुतं की चांगलं. तवा तुमी घरात नसायचा."

तिनं कोंडा उडवला. मग सुपात पुढची ज्वारी घेतली.

काही महिन्यांनी निकिता मॅडमनी आईबापाला आत बोलावलं. तात्या नवा सदरा घालून गेले. दार उघडलं म्हणजे आपली पाळी आली, असं त्यांना वाटत होतं. मॅडम म्हणाल्या, "राजनंदिनीला तुम्हाला एक सांगायचंय. मधे बोलू नका, फक्त ऐका."

पोरगी बापाकडे बघून बोलली. "आबा, मी जेवत असताना तुम्ही घरात नको. तुम्ही समोर असलात की मला घास मोजावेसे वाटतात. माझा तुमच्यावर राग आहे, पण हे रागानं नाही."

"कुटवर?" तात्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

त्यांनी मॅडमकडे बघितलं. तात्यांनी मान हलवली.

तेव्हापासून दोन्ही वेळा जेवणाच्या सुमाराला तात्या गिरणीत जाऊन बसतात. गिऱ्हाईक असो नसो. "तात्या, बायकूनं हाकललं का काय?" येणारीजाणारी विचारतात, आणि कडूबाई ओट्यावरून खरं काय ते पुरवते.

पंगतीचं म्हणाल तर एका लग्नात ते गेले होते. बादली घेतली, रांगेत शिरले, पहिलाच माणूस म्हणाला, "नको तात्या." आणि तात्या पुढं सरकले. दुसरा म्हणाला नको, पुढं. रांग संपली आणि बादली भरलेलीच. वधूपित्याचं तोंड पडलं. "तात्या, तुमी आग्रह केला न्हाई, आमची कंजुषी दिसली लोकांत." पुढच्या लग्नात बादली दुसऱ्याच्या हातात होती. तात्यांना आवतण आलं ते नुसतं जेवायचं.

परवा दुपारी गिरणीत बसले असताना मोबाईल वाजला. पारनेरकडचा आदिनाथ म्हणून कुणी माणूस. दवाखान्याच्या बाकड्यावर ओळख झालेल्या एकानं नंबर दिला होता. त्याच्या लेकीला तेच दुखणं.

"तुमी दोन्ही बघितलेत म्हनं, तात्या. आमाला बाईंनी दोन सांगितलेत. कोंचा धरू?"

"पोरगी काय म्हनती?"

"ती व्हय? ल्हान हाय ओ ती. तिला काय कळतंय? आमी सगळी घरची हाय की. आमच्यात लई माया. आजी, चुलत्या, समदी तिच्या तोंडाकडं बघून असत्यात. मला वाटतंय घरच्यांचाच धरावा. तुमी काय म्हनता?"

"आदिनाथराव, पोरीला इचारा."

"व्हय व्हय, ते हायेच. पन लवकर फरक कशात पडतोय?"

"तुमाला गप बसता येतंय का?"

"आँ?"

"न्हाई म्हनली पोरगी, तर ऐकू येतंय का तुमाला?"

तिकडून आदिनाथ हसला. "तात्या, आवो पोरी न्हाईच म्हनत असत्यात. आपन बापांनी थोडा आग्रह..."

तात्यांनी त्याला तोडलं नाही. तो बोलत राहिला: घरचं दूध कसं आहे, चुलतीच्या हाताला चव कशी आहे, पोरगी लहानपणी कशी गुटगुटीत होती. तात्या फोन कानाला धरून बसले होते. दोनदा ‘आवो, ऐका’ म्हणाले. दोन्ही वेळा तिकडच्याला ऐकू गेलं नाही. शेवटी "तर मंग घरच्यांचाच धरतो, लई उपकार झालं तुमचं," म्हणून आदिनाथनं फोन ठेवला.

तेवढ्यात परसदारातून मालनबाईची हाक आली. "झालं आमचं. या आता."

तात्या घरात गेले. मायलेकींची ताटं घासून पालथी घातलेली होती. किती खाल्लं, काय खाल्लं, राहिलं का, काही कळायला वाट नव्हती, आणि विचारायचं नव्हतं. लेक आतल्या खोलीत अभ्यासाला बसली होती, दार लोटलेलं. तात्या पाटावर बसले. मालनबाईनं भाकरी वाढली, आमटी वाढली आणि ती बाहेर धुणं काढायला निघून गेली.

तात्यांनी पहिला घास घेतला. आमटी गार झाली होती.

"चांगली झालीय," ते लोटलेल्या दाराकडे बघून म्हणाले.

आतून पान उलटल्याचा आवाज आला.